एफला शेंगदाणा चालत नाही

नवप्रज्ञा बालविकास मंदिराच्या वार्षिक स्नेहसंमेलनात छोट्या गटाचे ‘फुलपाखरू नृत्य’ पडद्यावर दाखवण्यात येत असताना, फुलपाखरांच्या जागी संस्थेचे अध्यक्ष मा. अण्णासो यांच्या पुतण्याच्या हळदीतला नाच सुरू झाला. तो बंद कुठून करायचा हे कोणालाच न सापडल्यामुळे तो शेवटपर्यंत बघण्यात आला. अण्णासो स्वतः त्या नाचात होते. डोक्यावर तांब्या होता, आणि हे मान्य करायला हवं की तो एकदाही पडला नाही.

पालकांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. मागून कोणीतरी ‘वन्समोअर’ही दिला. पण संस्थेने प्रकरण गांभीर्याने घेतलं आणि चौकशी समिती नेमली. अण्णासो स्वतः समितीचे अध्यक्ष झाले, कारण घटनेची सर्वात जास्त माहिती त्यांनाच होती. पालक प्रतिनिधी म्हणून मला घेतलं. माझी पात्रता अशी की मी बी.एस्सी. आहे आणि शाळा सुटायच्या आधीपासून गेटवर उभी असते.

मी गेटवर का उभी असते, ते इथंच सांगून टाकते. माझ्या पृथ्वीराजला, वय वर्षं चार, शेंगदाणा चालत नाही. एकदा बोटाएवढा चिक्कीचा तुकडा खाल्ला तर ओठ वांग्यासारखे सुजले, श्वास लागला, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत माझ्याच छातीत कळा यायला लागल्या. तेव्हापासून मी शेंगदाण्यावर नजर ठेवून जगते. आता कोल्हापुरात राहून शेंगदाण्यावर नजर ठेवायची म्हणजे काय, हे तुम्हीच समजून घ्या. भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, साबुदाण्यात कूट, आणि काहीच नसलं तर खिशात भाजलेले शेंगदाणे. माझा नवरा वीरेश म्हणतो, “तू पोरगं सांभाळतीस का तेलाची गिरणी चालवतीस?” त्याला म्हणायला काय जातंय.

तर समिती बसली. संगणक विभागाचे धैर्यशील सर उभे राहिले. संगणक विभाग म्हणजे सर आणि एक संगणक.

“चूक माझी न्हाय,” सर म्हणाले. “आदल्या दिवशी फुलपाखरं ‘ई’ होती. कार्यक्रमादिवशी साहेबांचा पेन ड्राइव्ह आधी लागला, म्हणून साहेब ‘ई’ झाले आणि फुलपाखरं ‘एफ’ झाली. मी ठरल्याप्रमाणं ‘ई’ लावला.”

“म्हंजे नाव बदललं?” अण्णासो.

“नाव न्हाय साहेब, अक्षर. जो आधी येईल त्याला पुढचं मोकळं अक्षर. आज ‘ई’ असलेला उद्या ‘जी’ होऊ शकतो. यंत्रणा तोंड बघत न्हाय.”

अण्णासो खुर्चीत सावरून बसले. त्यांची सगळी हयात सहकारात गेली, तिथं तोंड बघितल्याशिवाय कपात चहा पडत नाही. तोंड न बघणारी यंत्रणा असू शकते, हे त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं असावं.

“आणि सुरवात ‘ई’पासनं कशी काय?”

“‘सी’ आणि ‘डी’ कंप्युटरच्या पोटातल्या डिस्क हाईत. ते घरचे. पेन ड्राइव्ह म्हणजे पावणं, ते पुढं.”

“मग ‘ए’ आणि ‘बी’?”

“ते फ्लॉपीसाठी राखीव.”

“कुठं हाईत फ्लॉप्या?”

“न्हाईत साहेब. बंद पडून जमाना झाला. पण त्यांची अक्षरं सहसा कुणाला देत न्हाईत.”

अण्णासोंचा चेहरा हळवा झाला. “ह्याला म्हणायचं मान,” ते म्हणाले. “माणूस गेला तरी खुर्ची हलवायची न्हाय.”

मी हात वर केला. “सर, पेन ड्राइव्हला स्वतःचं कायमचं नाव देता येत नाही का?”

“येतंय की. लेबल लावायचं. पण लोक काय नावं ठेवतात? ‘न्यू’. एका कंप्युटरला तीन ‘न्यू’ लागले, की कुठला कुठला हे देवाला ठाऊक.”

इथं अफसाना टीचरनी इतका मोठा उसासा सोडला की सगळ्यांनी वळून बघितलं. “सर, माझ्या वर्गात पण तेच आहे हो. तीन पृथ्वीराज, दोन सम्राट, दोन विश्वजित. ‘पृथ्वीराज, खाली बस’ म्हटलं की तिघं उठतात. ‘सम्राट’ म्हटलं की एक येतो आणि दुसरा रडतो. वर्ग घेते का दरबार भरवते, तेच कळत नाही.”

ही तक्रार खरी होती. आपल्याकडे मूल जन्मल्याबरोबर त्याला सिंहासनावर बसवायची घाई असते. मीही बसवलं, मी कोणत्या तोंडानं बोलणार? माझा पृथ्वीराज वर्गात ‘मधला पृथ्वीराज’ आहे. दुसरा मोठा, आणि तिसऱ्याला चष्मा आहे.

अण्णासोंनी टेबलावर थाप मारली. समिती पेन ड्राइव्हसाठी नेमली होती, पण अहवाल मुलांवर आला.

परिपत्रक दुसऱ्याच दिवशी निघालं. “उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, नामसाधर्म्यामुळे होणारा गोंधळ टाळण्यासाठी यापुढे पाल्यांना त्यांच्या नावाऐवजी आगमनाच्या क्रमाने इंग्रजी अक्षर देण्यात येईल. अक्षर दररोज सकाळी गेटवर मिळेल व दुसऱ्या दिवशी परत घेण्यात येईल. ‘ए’ व ‘बी’ ही अक्षरे राखीव आहेत.” राखीव कोणासाठी, ते लिहिलं नव्हतं. चौकशी केल्यावर कळलं की अण्णासोंच्या दोन नातवांसाठी. ते पुण्याला जाऊन बरीच वर्षं झाली, एकाला आता मिशी फुटली आहे. पण त्यांच्या दोन छोट्या लाल खुर्च्या पहिल्या रांगेत रिकाम्या ठेवण्यात आल्या, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागची चार पोरं सतरंजीवर बसली.

पहिल्या दिवशी माझा पृथ्वीराज गेटमधून चौथा गेला आणि ‘एफ’ झाला. छातीला बिल्ला लावून घरी आला तो एकदम खुशीत. सासूबाईंना सांगत होता, “आज्जी, मी एफ हाय.” माझ्या सासूबाई महादेवी, निपाणीकडच्या. त्यांनी त्याच्या गालावरून हात फिरवून विचारलं, “पास झालास का नापास?”

मला अक्षराशी काही देणंघेणं नव्हतं. माझा प्रश्न एकच होता. वर्गात भिंतीवर मी सूचना लावून घेतली होती, ‘पृथ्वीराज (मधला) यास शेंगदाणा देऊ नये’. दुसऱ्या दिवशी बघते तर नव्या पद्धतीप्रमाणे ती सुधारून लिहिली होती: ‘एफला शेंगदाणा चालत नाही.’

“टीचर, पण आज तो ‘एच’ आहे!”

“हो ना,” अफसाना टीचर माझा हात धरून म्हणाल्या. “आज ‘एफ’ म्हणजे जोया आहे. बिचारीला चिक्की दिली नाही मी. सकाळपासून रुसलीय माझ्यावर.”

“आणि ‘एच’ला?”

“‘एच’साठी सूचना नव्हती. पण मी दिली नाही हो, मला तोंड माहीत आहे ना त्याचं. फक्त हे वर सांगू नका. तोंड बघितलं म्हणून मेमो येईल मला.”

मी तडक धैर्यशील सरांकडे गेले. म्हटलं, सूचना मुलाला चिकटवा, अक्षराला नको. सर शांतपणे म्हणाले, “मॅडम, सूचना अक्षरालाच लागते. तुम्ही असं करा, रोज चौथं या.”

आणि मी चौथी येऊ लागले. याचा अर्थ असा की मी पृथ्वीराजला घेऊन गेटसमोरच्या वडापावच्या गाड्यामागे उभी राहायची आणि आत जाणारी मुलं मोजायची. तिसरं आत गेलं की पोराला कडेवर घेऊन पळायचं. दोन-तीन दिवस छान चाललं. मग माझ्या लक्षात आलं की गाड्यामागे मी एकटी नाही. एका बाईच्या मुलीला शाळेच्या पुढच्या नाटकातल्या राणीची भूमिका मिळाली होती, ती ‘डी’ला मिळाली होती. एका बाबांच्या मुलाला डुलकी काढायची परवानगी होती, ती ‘जी’ला होती. चष्म्याच्या पृथ्वीराजला फळ्याजवळ बसायचं होतं, ती जागा ‘सी’ची. पण पहिलं जायची हिंमत त्याची आई करत नव्हती, कारण ‘सी’ला रोज प्रार्थना म्हणावी लागे.

मग गेटवर जे सुरू झालं ते कोल्हापूरला शोभेल असं होतं.

“जावा की पावणं, तुम्ही पुढं व्हा.”

“छे छे, तुमचा मान. तुम्ही व्हा.”

“आमचं काय, आम्ही जवळचं. तुम्ही लांबनं आलाय.”

“लांबनं आलोय म्हणून तर दम खातोय. व्हा तुम्ही.”

घंटा झाली तरी आत एकही मूल नाही आणि बाहेर अख्खा छोटा गट एकमेकांना मान देत उभा. शेवटी घंटेवाल्या मावशी ओरडल्या, की सगळी झुंड एकदम आत घुसायची आणि कोण कितवं गेलं याचा पत्ता नाही. चोविसाव्या मुलानंतर ‘झेड’ संपत असे. त्यापुढचं मूल आलं तर ते वर्गात बसलेलं असे, डबाही खात असे, पण यंत्रणेला दिसत नसे. एका सम्राटची अशी सलग गैरहजेरी लागून त्याच्या घरी नोटीस गेली. नोटीस त्याच्याच दप्तरात घालून पाठवली होती.

एकदा मी पृथ्वीराजला दाताच्या डॉक्टरकडे न्यायला लवकर गेले, तर मावशींनी दारातच अडवलं. “एकदम ओढून न्यायचं न्हाय. आधी आतनं सांगावं लागतंय, काढलं तर चालतंय का. सरांनी सांगितलंय, न सांगता काढलं तर पोरगं खराब होतंय.” त्या आत जाऊन आल्या. “मूल सध्या वापरात हाय. थोड्या वेळानं प्रयत्न करा.”

वीरेशला हे सगळं सांगितलं तर तो पोट धरून हसला. म्हणाला, “शाळेत जातंय न्हवं पोरगं? परत येतंय न्हवं? मग झालं की.”

मी ठरवलं, आता लेखी अर्ज करायचा. सर बोलता बोलता म्हणाले होते की डिस्कला एक कायमचा ओळखक्रमांक असतो, छत्तीस अक्षरी, सगळ्या जगात एकमेव, डिस्क आधी लागो की नंतर, तो बदलत नाही. मला माझ्या मुलासाठी तो हवा होता. आई म्हणून एवढी मागणी जास्त आहे असं मला वाटलं नाही.

अर्ज द्यायचा म्हणून त्या दिवशी पृथ्वीराजला मी स्वतः सोडलं नाही, पूर्वीसारखं रिक्षानं पाठवलं. आमचे रिक्षामामा नेहमी उशिरा येतात. त्या दिवशी लवकर आले. थंडी होती, पोराला माकडटोपी घालून बसवलं आणि मी निर्धास्तपणे अर्ज लिहीत बसले. म्हणजे निर्धास्त मी कधीच नसते, पण त्यातल्या त्यात.

शाळा सुटून तास झाला, पोरं रिक्षांनी घरी गेली, तरी मी अर्ज घेऊन सरांच्या टेबलासमोरच होते. सर अर्ज वाचत होते, मधे मधे ‘पाल्य’ हा शब्द खोडून ‘उपकरण’ करत होते. तेवढ्यात सासूबाईंचा फोन.

“पोरगं आलं गं.”

“जेवायला वाढा त्याला.”

“वाढलो की. दोन भाकऱ्या खाल्ल्या, भाजी मागून घेतली. लई गुणाचं पोरगं हाय.” सासूबाईंनी आवाज खाली घेतला. “पण आपलं न्हाय.”

“काय?”

“ह्योबी माकडटोपीतच आलता, टोपी काढल्यावर कळलं. आपल्याच्या नाकाला तीळ हाय, ह्याच्या न्हाय.”

“अहो मग तेव्हाच फोन करायचा नाही का!”

“ताटावरनं उठवाय होतंय व्हय पोराला? कुणाचं का असंना. आधी जेवू दे म्हटलं, मग विचारू कुणाचं ते.”

मी फोन ठेवून सरांना सांगितलं. सरांनी मात्र शांतपणे पडद्यावर बघितलं. “मॅडम, ‘एफ’ तुमच्या घरी पोच झालेला दाखवतोय. काळजीचं कारण न्हाय.”

“तो एफ माझा नाही! माझा मुलगा कुठाय?”

“आज कितवा आला?”

मावशींना आठवत होतं. रिक्षा लवकर आली, म्हणून मधला पृथ्वीराज दुसरा आत गेला. म्हणजे ‘डी’. आणि ‘एफ’ झाला मोठा पृथ्वीराज, जो या क्षणी माझ्या घरी दुसऱ्यांदा भाजी मागत होता.

“मग ‘डी’चं घर सांगा मला. लवकर.”

“ते देता येणार न्हाय,” सर म्हणाले. “पहिल्या दिवशीच्या अक्षराप्रमाणं तुमची नोंद ‘एफ’ची आई म्हणून हाय. ‘डी’चा पत्ता ‘एफ’च्या आईला देणं नियमात बसत न्हाय.”

“पण आज मी ‘डी’ची आई आहे!”

“मग तुमची नोंदच न्हाय आमच्याकडं.”

कुठल्याशा घरात माझं पोरगं बसलेलं आहे, दुपारची खाऊची वेळ आहे, आणि ते घर कोल्हापुरातलं आहे. मी रिक्षामामांना फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा लावला. पुन्हा तेच. पळत रिक्षा स्टॉपवर गेले. तिथं चारपाच मामा पेपर वाचत होते.

“आमचे मामा कुठायत बघितलं का? माझा मुलगा त्यांच्या रिक्षात होता!”

“कोण मामा, ताई? नाव काय त्याचं?”

नाव बघायला मी फोन उघडला. आणि बंद केला.

दोन वर्षं. दोन वर्षं तो माणूस माझ्या मुलाला नेतो आणि आणतो. माझ्या फोनमध्ये त्याचं नाव ‘रिक्षामामा २ उशिरा’ असं आहे. ‘२’ एवढ्यासाठी की आधी एक ‘रिक्षामामा १’ होते. ते कधीच सोडून गेले, पण हे ‘२’च राहिले.

“उंच आहेत,” मी म्हटलं. “मफलर असतो.”

सगळ्या मामांनी आपापल्या मफलरला हात लावला.

“गाडी कसली?”

“काळीपिवळी.”

त्यातल्या एकाला माझी दया आली असावी. “घरी जावा ताई,” तो म्हणाला. “जे पोरगं आलंय त्यालाच विचारा, कुठनं आलंय ते. अदलाबदल झाली असंल, तुमचं त्याच्या घरी असंल.”

मी घरी पोचले तेव्हा मोठा पृथ्वीराज ताक पीत होता. सासूबाई त्याला वारा घालत होत्या, थंडीच्या दिवसात. त्याला मी स्कूटरवर पुढं उभं केलं.

“बाळा, तुझं घर कुठं आहे?”

“फुलेवाडीत.”

“फुलेवाडीत कुठं?”

“आमच्या म्हशीजवळ.”

“पप्पांचं नाव काय?”

“पप्पा.”

“मम्मीचं?”

“ओ.”

“काय ‘ओ’?”

“पप्पा ‘अगं’ म्हणतात. मम्मी ‘ओ’ म्हणती.”

फुलेवाडीत पोचून मी पहिल्या दुकानात विचारलं, पृथ्वीराज कुठं राहतो. दुकानदार म्हणाला, कुठला? ह्या गल्लीत पाच हाईत, एक तर काल जन्मलाय. शेवटी त्या पोरानंच माझी ओढणी ओढली. “काकू, चांदणी विचारा की.”

“कोण चांदणी?”

“आमची म्हैस.”

“चांदणीचं घर व्हय!” दुकानदार उठून उभाच राहिला. “मग तसं सांगा की मॅडम. त्या टाकीपासनं डावीकडं. कुणीबी सांगंल.” आणि कुणीही सांगितलं. एक म्हातारे गृहस्थ तर सायकलवरून पुढं झाले, चांदणी यंदा किती दूध देते तेही सांगितलं. आख्ख्या वस्तीत एकमेव, न बदलणारं, सगळ्यांना पाठ असलेलं नाव एका म्हशीचं होतं.

चांदणीच्या घराच्या पुढच्या सोप्यात माझा पृथ्वीराज बसला होता. पुढ्यात स्टीलची ताटली. ताटली रिकामी. तिच्या कडेला कुटाचे दोन कण आणि थोडा गूळ.

मी किंचाळले की नुसतं तसं वाटलं, आठवत नाही. त्याचं तोंड दोन्ही हातांनी धरलं, ओठ बघितले, जीभ बाहेर काढायला लावली, छातीला कान लावला.

“लाडू खाल्लास? शेंगदाण्याचा लाडू खाल्लास तू?”

“मम्मी, आज मी डी हाय,” तो मला समजावत म्हणाला. “शेंगदाणा एफला चालत न्हाय. डीला चालतो.”

घरच्या आजी, बनाबाई, गोंधळून उभ्या होत्या. “मला कळलं हो, आमचं पोरगं न्हाय ते. पण दारात आलेल्याला मोकळ्या हातानं कसं बसवायचं? दोन लाडू ठेवले पुढ्यात. विचारू म्हटलं, खाऊन झाल्यावर.”

“खाल्ले का त्यानं?”

“कुठलं काय!” बनाबाई म्हणाल्या. पृथ्वीराजचा ओठ खाली आला आणि तो रडायला लागला. “मी खाणारच होतो! मामांनी खाल्ले!”

कोपऱ्यातल्या बाकड्यावर, मफलर सोडून, रिक्षामामा पाणी पीत होते. त्यांनी तांब्या खाली ठेवला. “भूक लागलीती ओ मॅडम. पोरगं लाडवाकडं नुसतं बघत बसलंतं. म्हटलं ह्याला नको असंल. दोन्ही खाल्लो. काय चुकलं का?”

मी पृथ्वीराजला कडेवर उचललं. माझ्या मुलाचा जीव कोणत्याही सूचनेनं, परिपत्रकानं किंवा अर्जानं वाचला नव्हता. तो मामांच्या खादाडपणानं वाचला होता.

“मामा, तुम्हाला दिसलं नाही का, पोरं उलटीपालटी उतरवताय ते? कधीपासून ओळखता तुम्ही त्यांना!”

“दिसलं की. पण सरांनी दम दिलाय, तोंड बघून पोरगं उतरवायचं न्हाय, अक्षर बघून उतरवायचं. मग मीच इथं थांबलो, म्हटलं कुणीतरी येईल हुडकत.”

“मग फोन का नाही उचलला? किती वेळा केला!”

“फोन?” त्यांनी खिसे चाचपले. “हितंच कुठंतरी ठेवलोय. लावा बघू एकदा.”

मी लावला. बाकड्यावरच्या बनाबाईंच्या उशीखाली काहीतरी थरथरलं. मामांनी फोन बाहेर काढला आणि मला तो पडदा स्पष्ट दिसला. त्यावर लिहिलं होतं: ‘शेंगदाणा’.

त्याच वेळी मामाही माझ्या हातातल्या पडद्याकडे बघत होते. त्यावर लिहिलं होतं: ‘रिक्षामामा २ उशिरा’.

आम्ही दोघांनीही फोन खिशात घातले. बाहेर चांदणी हंबरली.

पुढं शाळेनं सुधारणा केली. अक्षरं बंद झाली आणि माझा अर्ज मंजूर होऊन सगळ्या मुलांना छत्तीस अक्षरी कायमचे क्रमांक मिळाले. सगळ्या जगात एकमेव. पट्टी एवढी लांब झाली की पोरांना ती गळ्यात दोनदा गुंडाळावी लागते. हाक मारताना अर्ध्यातच अफसाना टीचरचा दम जातो, म्हणून त्या आता ‘ए, पांढऱ्या मोज्यावाल्या’ म्हणतात. सगळ्यांचे मोजे पांढरे आहेत. अण्णासोंच्या नातवांच्या दोन खुर्च्या अजून रिकाम्याच आहेत.

आणि मामा? त्यांना नाव विचारायचं मी त्या दिवशीच पक्कं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी ते आले, उशिरा. मी दारात उभीच होते. ते म्हणाले, “चला मॅडम, येतो,” आणि मी म्हटलं, “बरं मामा.” आता इतक्या दिवसांनी विचारायचं म्हणजे कसंतरीच वाटतं.

तुम्ही हसला असाल, तर हसा. फक्त हसून झाल्यावर आपला फोन काढा आणि दूधवाल्याला एक फोन लावून दाखवा. अट एवढीच, शोधताना ‘दूध’ असं लिहायचं नाही.